नदीत उतरलेली काहील

मित्रांनो, नावेतून उतरलात की तुम्ही ओले पाय माझ्या पाठीला पुसता आणि पाटी-दप्तर माझ्यावर आपटून पुढे पळता. आपटा. मला त्याचं काही वाटत नाही. पण काठावर पालथं पडलेलं हे गंजकं धूड कसलं, असं तुमच्यातल्या लहानग्यांनी घरी विचारलं तर मोठी माणसं विषय बदलतात. फारच मागे लागलात तर म्हणतात, नशिबाचा खेळ होता. नशिबाचा नव्हता. काय होता ते मी सांगते, कारण मी तिथं होते.

मी काहील आहे. गुऱ्हाळात उसाचा रस उकळतात ते मोठं गोल पातेलं असतं ना, ती. चिंचवड स्टेशनाजवळच्या एका लोहारशाळेत माझा जन्म झाला. जाड पत्रे तापवून वाकवले, रिव्हेट ठोकून जोडले आणि माझं बूड तयार झालं. उचलायला म्हणून काठावर चार कड्या बसवल्या. त्या बसवणारा कादर नावाचा तरणा गडी होता. कडी बसली की तो तिला लोंबकळून बघायचा. दुसरे कारागीर हसायचे, म्हणायचे, कादर, ही गुळाची काहील हाय, झोका न्हाई. तो म्हणायचा, लोखंडाचा काय भरवसा, माणसाचं वजन पेललं तर गुळाचंही पेलंल.

मग मला बैलगाडीत पालथी घालून इथं आणलं, चऱ्होलीच्या समोर, इंद्रायणीच्या या काठाला. गुऱ्हाळ अर्जुनरावांचं. ऊसही त्यांचा, पलीकडच्या तीरावरचे कांद्याचे मळेही त्यांचेच, आणि नावेचा ठेकाही त्यांच्याकडेच होता. गावात सकाळी डोळे उघडले की पहिली वस्तू दिसेल ती अर्जुनरावांची असायची.

माझं काम थंडी पडली की सुरू व्हायचं. ऊस पिळायचा चरक इंजिनावर फिरायचा. ते इंजिन सांभाळायला कादरच आला आणि बायको-पोरासह इथंच राहिला. रस माझ्यात पडायचा. खाली चुलवाणात चिपाड ढकलून जाळ लावायचं काम पुतळाबाईचं. आणि या सगळ्यांच्या वर सावळाराम गुळव्या. गूळ झाला की नाही हे त्यानं सांगायचं. तो "उतरवा" म्हणाला की कड्यांतून वासे घालून मला खाली घ्यायचं. त्याच्या शब्दाआधी मला कुणी हलवत नसे, मालकसुद्धा.

पावसाळ्यात गुऱ्हाळ बंद. तेव्हा मला दुसरं काम असायचं. नदीला पाणी चढलं, नाव बांधून ठेवली, की अडल्यानडल्याला पलीकडे न्यायला लोक मला पाण्यात सोडायचे. बाळंतीण नेली, आजारी नेले, एकदा तर नवरदेव नेला. सावळाराम मध्ये बसून वल्हवायचा. गोल भांडं पाण्यात सरळ जात नाही, फिरत फिरत जातं. नवरदेवाला भोवळ आली होती, त्याची चेष्टा अजून चालते. सावळारामाचा नियम एकच होता. मधल्या माणसानं हलायचं नाही, आणि एका अंगाला दोघांनी जायचं नाही. गेलं की मी पालथी.

आता पुतळाबाईबद्दल सांगते. ही गोष्ट तिची आहे.

तिचा नवरा पिंपरीला कारखान्याच्या बांधकामावर गेला तो तिकडचाच झाला. मागे राहिली ठकू, दुसरीत शिकणारी. पुतळाबाई दिवसभर माझ्या पोटाखालच्या जाळासमोर बसायची. तोंड भाजून तांबडं व्हायचं, केसांना राख लागायची. पण संध्याकाळी ठकू नावेतून उतरून येताना दिसली की तिची मान वर व्हायची.

ठकूला माझी खरवड आवडायची. गूळ काढून घेतल्यावर माझ्या कडेला जो थर चिकटून राहतो ना, तो. एका हंगामात शेजारच्या गुऱ्हाळावरचं एक लेकरू असंच खरवडीपायी भरल्या काहिलीजवळ गेलं आणि गुडघ्यापर्यंत भाजलं. त्याच्या आईचा आक्रोश पुतळाबाईनं ऐकला होता. त्याच दिवशी तिनं ठकूला समोर उभं केलं आणि शपथ घातली.

"मी सांगितल्याबिगर काहिलीला हात लावलास तर माझं मेलेलं तोंड बघशील."

शपथ घालणं तुम्हाला ठाऊक आहे. आणि ती कशी सोडवायची तेही. ज्यानं घातली त्यानंच "सुटली" म्हणायचं. तो म्हणत नाही तोवर शपथ अंगावर. ठकूनं ती कधी मोडली नाही. रोज संध्याकाळी यायची आणि माझ्यापासून हातभर लांब उभी राहायची.

"आये, सुटली म्हन."

पुतळाबाई उठायची, राखेचा हात पदराला पुसायची आणि माझ्या काठावर तळहात टेकवून बघायची. गरम असले तर म्हणायची, थांब जरा. गार असले तर म्हणायची, "सुटली." मग ठकूची बोटं माझ्या कडेवरून फिरायची. कादरचा अकबरही यायचा. त्याला शपथ नव्हती, तो आधीच हात घालून बसलेला असायचा. ठकू त्याला दटावायची, तुझ्या आईनं तुला मोकाट सोडलाय. तो म्हणायचा, तू लई शहाणी, म्हणून तुला कमी मिळतं.

गुऱ्हाळावरची माणसं हा खेळ बघून हसत. पुतळाबाईलाही अभिमान होता. माझी पोर शब्दाबाहेर नाही, असं ती सगळ्यांना सांगायची.

आता नावेचं सांगते. नाव जुनी होती. फळ्यांच्या फटीतून पाणी यायचं. चिमाजी नावाडी दर खेपेला वाटीनं पाणी उपसायचा. त्यानं अर्जुनरावांना हात जोडून सांगितलं होतं, मालक, नावेला डांबर लावा. डांबर आलं. पिंप भरून आलं, माझ्याशेजारीच ठेवलं होतं. आणि मग ते अर्जुनरावांच्या बंगल्याच्या पत्र्याला लावलं गेलं, कारण पावसाळ्यात दिवाणखान्यात ठिपकत होतं. नावेचं पुढच्या वर्षी बघू म्हणाले. मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. कुणी मला विचारायला आलं असतं तर सांगितलं असतं. लोखंडाची साक्ष कोण काढतो.

त्या दिवशी पूर नव्हता. वाराही नव्हता. पौषातलं स्वच्छ ऊन होतं आणि नदी डोहात हिरवीगार, गप पडलेली होती. तेव्हा नदीला बोल लावू नका.

दुसऱ्या दिवशी चाकणचा बाजार होता. पलीकडच्या मळ्यातला कांदा भरून या काठाला आणायचा होता, इथून ट्रकनं चाकणला जायचा. शाळेतून परतणारी पोरं नावेत बसलेली होती. अर्जुनरावांच्या माणसानं त्यांच्या भोवती, मागे, पुढे कांद्याची पोती रचायला लावली. चिमाजी म्हणाला, आधी पोरं सोडून येतो, मग पोती नेतो. त्याला सांगितलं, दोन खेपा मारायला ट्रक तुझ्या बापाचा थांबलाय का. हे मला नंतर पोरांच्या तोंडून कळलं.

माझ्यात तेव्हा रस कढत होता, गूळ व्हायला आलेला. वर फेसाचे मोठे बुडबुडे फुटत होते. सावळाराम उलथण्यावरून रस बोटात घेऊन बघत होता. चरकावरची माणसं वासे घेऊन तयार उभी. तेवढ्यात नदीकडून आवाज आला. पहिल्यांदा वाटलं पोरं नेहमीसारखी ओरडतायत. मग तो आवाज एकदम वेगळा झाला. मी तो आवाज सांगू शकत नाही. पुतळाबाईच्या हातातलं चिपाड खाली पडलं.

ती धावली. बाकीचे एक क्षण माझ्याभोवतीच उभे राहिले. वासे हातात, तोंडं सावळारामाकडे. त्याच्या शब्दाआधी काहील हलवायची नाही ही सवय त्यांच्या हाडात गेली होती. सावळारामानं एकदा नदीकडे पाहिलं, एकदा माझ्यात.

"ओता," तो म्हणाला.

कुणाला कळेना. असा शब्द त्यानं कधी उच्चारलाच नव्हता. तो पुन्हा म्हणाला, ओता, काहील पाण्यात घ्या. अर्जुनरावांचा मुकादम पुढं झाला, अहो मालकांना तरी विचारा. कादरनं इंजिन बंद केलं, मुकादमाला बाजूला सारलं आणि माझ्या कडीत वासा घातला. मला उचललं, एका अंगाला कलतं केलं आणि पिकायला आलेला सगळा रस मातीत गेला. माती चरचरली. मग ती माणसं मला घेऊन उतारावरून पळाली. ओली पोती हाताला गुंडाळली होती तरी हात भाजत होते. कुणी सोडलं नाही.

पाण्यात पडले तशी मी किंचाळले. लोखंड तापलेलं, पाणी थंडगार. वाफेचा लोट उठला. सावळाराम आणि कादर माझ्या बुडात ओलं चिपाड टाकून त्यावर उभे राहिले. तिसऱ्या मोठ्या माणसाला जागा नव्हती. पुतळाबाई कमरेइतक्या पाण्यात येऊन मला धरू बघत होती. सावळारामानं तिला मागे लोटलं. म्हणाला, तू आलीस तर एका पोराची जागा जाईल. ती मागे सरली. काठावर उभी राहिली.

डोहात कांदे तरंगत होते. सगळीकडे कांदेच कांदे, आणि त्यांच्या मध्ये पोरांची डोकी. नाव तळाला गेली होती. चिमाजी एका मुलाला पोत्यावर ढकलत होता. दुसऱ्या क्षणी मला मूल दिसलं, चिमाजी दिसला नाही.

कादर ओरडून सांगत होता, कड्या धरा, आत चढू नका, कड्या धरा. पोरांनी धरल्या. मित्रांनो, पाण्याखालचं माझं अंग गार झालं होतं, पण काठ आणि कड्या पाण्याच्या वर होत्या आणि त्या अजून तापलेल्या होत्या. पोरं हात लावायची, ओरडायची, आणि तरी धरून ठेवायची. मला त्यांच्या तळहाताची कातडी चिकटलेली कळत होती. मला त्यांना वाचवायचं होतं आणि मीच त्यांना भाजत होते. सावळाराम एकाला या अंगानं वर ओढायचा, कादर दुसऱ्याला त्या अंगानं.

अकबर एका कडीला लोंबकळला होता. त्याच्यापासून हातभर अंतरावर ठकू होती. एक फुटकी फळी तिच्या काखेत होती आणि ती फळी बुडत चालली होती. अकबर म्हणाला, धर, ठके, धर. तिनं हात पुढं केला. माझ्या काठाला बोटं लागली. चटका बसला आणि तिनं हात मागे घेतला.

फक्त चटक्यानं नाही. तिच्या तोंडाकडे मी बघत होते. काहील गरम होती. आईनं हात टेकवून बघितलेलं नव्हतं. ती माझ्यापासून हातभर लांब थांबली, रोज थांबायची तशी, आणि तिनं काठाकडे मान वळवली. आई तिथं उभी होती. ठकूचं तोंड हललं. पुतळाबाईनं ते हललेलं पाहिलं. पण डोहात एवढा आकांत चालला होता की शब्द तिच्यापर्यंत गेला नाही. तिला वाटलं पोर हाक मारतेय. तिनं दोन्ही हात वर केले.

आणि मी फिरले. मी गोल आहे, मित्रांनो. कादरनं दुसऱ्या अंगाला एका पोराला ओढलं आणि त्या धक्क्यानं मी जागच्या जागी फिरले. पूर्ण फेरा व्हायला किती वेळ लागतो. मी त्याच जागी परत आले तेव्हा तिथं फळी होती आणि कांदे होते.

संध्याकाळपर्यंत मला डोहात फिरवलं. आधी जिवंत पोरं माझ्यातून काठाला गेली, नंतर मेलेली. ठकूला सावळारामानं आणलं. त्याच्या मांडीवर होती. पुतळाबाईनं तिचे दोन्ही तळहात उघडून बघितले. वाचलेल्या सगळ्या पोरांचे हात भाजले होते. तिच्या बोटांच्या टोकांना तेवढे डाग होते. तळहात कोरे होते.

पुढं काय झालं तेही ऐका, नाहीतर तुम्हाला वाटेल की जग यानंतर शहाणं झालं. तालुक्याहून साहेब आले. मंडप घातला. अर्जुनरावांना नारळ आणि शाल दिली, कारण पोरं जिच्यामुळे वाचली ती काहील त्यांची होती. अर्जुनराव बोलायला उठले आणि म्हणाले, नावाडी दारू पिऊन होता. चिमाजीच्या गळ्यात तुळशीची माळ होती, अख्ख्या गावाला ठाऊक होतं. कुणी तोंड उघडलं नाही. कादर फडक्यात गुंडाळलेले हात घेऊन मंडपाच्या मागे उभा होता. सावळाराम आलाच नाही. पुढच्या हंगामाला अर्जुनरावांनी दुसरा गुळव्या आणला. मालकाला न विचारता रस ओतणारा माणूस नको, असं त्यांचं म्हणणं.

आणि मला टाकून दिलं. जिच्यातून मढी नेली तिच्यात गूळ कोण करणार. इथं काठावर पालथी घातली ती आजतागायत.

पुतळाबाई चुलवाणावर परत बसली नाही. दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची आणि संध्याकाळी इथं यायची. नावेतून उतरणाऱ्या प्रत्येक पोराला तिचा एकच प्रश्न असायचा. माझी ठकी शेवटी काय म्हणाली रे. तिचं तोंड हललं होतं. तुमच्यापैकी कुणी ऐकलं का. पोरं पळायची. तिला येताना पाहिलं की अकबर तर लांबून वळसा घालून जायचा. त्याला ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. पण मला तोंड नाही.

वर्ष झालं तेव्हा चऱ्होलीचे गुरुजी पोरांना घेऊन या काठावर आले. माझ्याभोवती बसवलं आणि म्हणाले, आज पाठांतर नाही, ज्याला त्या दिवसाबद्दल जे वाटतं ते बोला. वाचवणाऱ्यांचे आभार माना, असंही म्हणाले. पोरांनी आभार मानले, पण आपल्या पद्धतीनं. छबू म्हणाली, मला कांद्याचा वास आला की उलटी होते, आणि आमच्या घरी रोज कांदाच असतो. भैरू म्हणाला, सावळाबाबांनी मला केसाला धरून वर ओढलं, ते अजून दुखतं, पण मी त्यांना सांगितलं न्हाई, त्यांना वाईट वाटंल. एक म्हणाला, मी मोठा झालो की नाव हाकणार आणि मालकाला चढू देणार न्हाई, पोहत ये म्हणणार. पोरं हसली. मग एक मुलगी उठली आणि म्हणाली, चिमाजीबाबा दारू पीत नव्हते. एवढंच बोलून खाली बसली. मंडपातल्या सगळ्या फेट्यांना जे जमलं नव्हतं ते तिनं केलं.

पुतळाबाई मागे उभी होती. अकबरनं तिच्याकडे पाहिलं. मग उभा राहिला आणि आपला तळहात पुढं धरला. कडीचा डाग त्यावर अर्धा गोल उमटलेला होता.

"मावशी, तिला हात लावता येत व्हता," तो म्हणाला. "ती म्हनली, आये, सुटली म्हन."

गुरुजींना काही कळलं नाही. ते दुसऱ्या गावचे. पण पोरांना कळलं, आणि पुतळाबाईला कळलं. ती रडली नाही. पोरांमधून चालत माझ्याजवळ आली. ऊन चढलं होतं आणि माझी पाठ तापली होती. तिनं हात पदराला पुसला. मग माझ्यावर तळहात टेकवला, पूर्वी टेकवायची तसा, आणि तो तिथंच ठेवला. पोळत होता तरी ठेवला.

"सुटली," ती म्हणाली.

नदीकडे बघून म्हणाली. मग पुन्हा म्हणाली. गुरुजींनी तिला धरून बाजूला नेलं तोपर्यंत म्हणत होती.

मित्रांनो, त्याला दोन-चारच पावसाळे झालेत. यंदा नावेचा लिलाव झाला. ठेका पुन्हा अर्जुनरावांनाच गेला. बुडालेलीच्या जागी तेव्हा नवी म्हणून जी नाव आणली तीही कुठून तरी जुनीच आणलेली आहे. तुम्ही रोज तीत बसता. तुमच्या पायाला पाणी लागतं की नाही, सांगा. कालच तिच्यात पोती चढली होती. मी इथं पडल्या पडल्या पोती बघते, पोरं बघते, आणि माझ्या रिव्हेटा थरथरतात.

पुतळाबाई अजून रोज येते. तुमच्यातल्या लहानग्यांना ती भीतीदायक वाटते. ती वाटेत अडवते, हात धरून माझ्या कडीवर ठेवते आणि तुम्ही काही विचारायच्या आत "सुटली" म्हणते. तिला वेडी म्हणू नका. हात ठेवू द्या. कडी घट्ट धरून बघा, तेवढ्यानं तिला बरं वाटतं. आणि तुमच्या घरच्यांना सांगा, पोराला घाबरवायचंच असलं तर चार फटके द्या, पण स्वतःच्या मरणाची शपथ घालू नका. पोरं ती खरी मानतात.

आणि एक मागणं आहे. माझ्या बुडाला गंजानं भोक पडलं आहे, मुठीएवढं. पाण्यात सोडलं तर मी आता काठ सोडायच्या आत बुडेन. कादर पिंपरीला कामाला जातो, पण सुट्टीला घरी असतो. त्याच्याकडे पत्रा आहे, हातोडा आहे. त्याला जाऊन सांगा, काहिलीला ठिगळ मार. आज सांगा. गूळ माझ्यात कुणी करू नये, मला त्याची हौस उरलेली नाही. पण तुम्ही उद्या सकाळी त्याच नावेत बसणार आहात.